पुलाला घातलेला स्वेटर

…आणि वर मलाच विचारतात, "तुम्हाला हात लावायला सांगितलं होतं कोणी?" म्हणजे बघा हं! डोळ्यांसमोर धागा लोंबतोय, चांगला वीतभर लांब, वाऱ्यावर मजेत हलतोय, आणि ज्या माणसाचा उभा जन्म लोंबते धागे कापण्यात गेला त्याने तो नुसता बघत राहायचा? अहो, तुम्हाला सांगतो, शर्टांच्या कारखान्यात चेकर होतो मी. फिनिशिंग खातं! चेकर म्हणजे काय, तर तयार शर्ट टेबलावर आला की कॉलर बघायची, बटणं ओढून बघायची, शर्ट उलटा करायचा आणि कुठे धागा दिसला की – कट्! पुढचा शर्ट. कट्! पुढचा शर्ट. एकदा एका लग्नात नवरदेवाला भेटायला गेलो, तर हात मिळवायच्या आधी त्याच्या बाहीचा धागा कापला मी. खोटं नाही सांगत! सवय आहे ती, रोग नव्हे. बायको रोग म्हणते. म्हणू दे. मी काही बोललो नाही.

पण सगळं खापर माझ्याच डोक्यावर? नाही, तुम्हीच सांगा… नको, आत्ता नका सांगू, आधी सगळं ऐका, मग सांगा.

हे सगळं सुरू झालं ते एका कठड्यापासून. आमच्या घरासमोर मोठा रस्ता, रस्त्यावर लोखंडी पादचारी पूल. पलीकडे जायचं तर तो चढण्यावाचून गत्यंतर नाही. बाजार पलीकडे, दवाखाना पलीकडे, बस पलीकडे, आणि आमच्या हिचा दुखरा गुडघा तेवढा अलीकडे! ही म्हणजे आमची बायको. शाळेत विणकाम शिकवायची. आवाज असा, की वर्गात "हात पुढे!" म्हणाली की वर्गातल्यांनी तर करावेतच, पण बाहेरून सायकलवर जाणाऱ्यानेही हँडल सोडून हात पुढे करावेत. मग शाळेने काय केलं, विणकाम बंद केलं. कशाला? तर कॉम्प्युटर ठेवायला खोली पाहिजे होती! ही घरी आली, सुया ट्रंकेत टाकल्या, आणि खिडकीत बसली. गप्प.

आता तुम्ही म्हणाल, बरंच झालं की, शांतता! अहो, कसली शांतता? मी कारखान्यात मशिनींच्या आवाजात आणि घरात हिच्या आवाजात जगलेला माणूस, माझे दोन्ही आवाज एकदम बंद! चहा ठेवू? "हं." भाजी कुठली आणू? "काहीही." काहीही! जी बाई माझ्या हातातली पिशवी लांबून बघून "टोमॅटो मऊ आणलेत" म्हणायची, ती म्हणते काहीही! मला भीती वाटली हो. खरंच वाटली. भांडण परवडतं एक वेळ, पण ते "काहीही" नाही परवडत. मी मुद्दाम मऊ टोमॅटो आणून बघितले. तिने मुकाट्याने चिरले.

मग आली थंडी. एके सकाळी आम्ही दोघं पूल चढतोय, हिने कठडा धरला आणि "अगं आई गं!" करून हात मागे घेतला. लोखंड ते, नुसतं बर्फ! उन्हाळ्यात तोच कठडा पोळ्या भाजाव्यात असा तापतो. मी म्हटलं, हातमोजे घाल. तर ही माझ्याकडे बघते, कठड्याकडे बघते, परत माझ्याकडे बघते आणि म्हणते, "सगळ्यांना हातमोजे घालण्यापेक्षा ह्यालाच घातला तर?" मला वाटलं, गंमत करतेय. गंमत! घरी आली, ट्रंक उघडली, क्रोशाची सुई काढली, आणि दोन दिवसांनी बघतो तर पुलाच्या कठड्याला, जिथे चढताना हात पडतो तेवढ्याच जागी, लोकरीची बाही! निळी! मी म्हटलं, अगं, सरकारी पूल आहे तो. तर म्हणाली, "सरकारला थंडी वाजत नाही का?" मी काही बोललो नाही.

बरं, एवढ्यावर थांबावं ना! छे! पहिल्यांदा आल्या शेजारच्या नर्सबाई. "काकू, वरच्या पायरीपाशी पण करा ना, ड्यूटीवरून येताना तिथेच माझा जीव जातो." मग आले दातांचे डॉक्टर. हा एवढा उंच, भारदस्त माणूस, त्याला बघून लोकांच्या हिरड्या आपोआप सुन्न होतात, तो आमच्या दारात सुई घेऊन उभा! "वहिनी, बारीक काम असेल तर मला द्या. दिवसभर लोक आ करून ओरडतात हो माझ्यासमोर. लोकर ओरडत नाही." मग कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. त्याचे हात कायम ग्रीसने काळे, म्हणून त्याला फक्त काळी पट्टी विणायला दिली. बघता बघता आमच्या बाहेरच्या खोलीत संध्याकाळी बसायला खुर्ची मिळेना. मला! माझ्या घरात! मी स्वयंपाकघरात चहा गाळत उभा. मी काही बोललो का? नाही बोललो.

आणि नियम! अहो, आमच्या कारखान्यातही एवढे नियम नव्हते. ते सगळे नर्सबाईंचे. "प्लॅस्टिकची लोकर चालणार नाही!" का हो? "घासून घासून तिचे तंतू पडतात, पावसात गटारात जातात, गटारातून नदीत, आणि तिथून तुमच्या पोटात, काका!" मी पोटावर हात ठेवला. "शिवाय पाखरं घरट्याला धागे नेतात, प्लॅस्टिकचा धागा तुटत नाही, पिल्लांच्या पायाला फास बसतो." बरोबर आहे हो, पटलं मला. म्हणजे फक्त खरी लोकर नाहीतर सूत. डिंक नाही, तार नाही, खिळा नाही. झाडाला हात लावायचा नाही, त्याला त्याची स्वतःची साल आहे. आणि नवं काही विकत घ्यायचं नाही, घरातलं जुनं उसवायचं.

आता खरी लोकर ओळखायची कशी? काडी लावून! धाग्याचं टोक पेटवायचं. केस जळल्यासारखा वास आला की लोकर, कागदासारखा आला की सूत, आणि वितळून टोकाला मणी झाला की प्लॅस्टिक, चला बाहेर! आणि हे काम दातांच्या डॉक्टरांकडे. आमचं घर असं वास मारायला लागलं, की वरच्या मजल्यावरचे विचारून गेले, "न्हाव्याचं दुकान काढलंत काय?" आणि त्यातच आमची ताई आली. माझी मोठी बहीण. मोठ्या कौतुकाने भली थोरली शाल घेऊन. "वहिनी, हिची लोकर घ्या हो तुमच्या पुलाला, अगदी अस्सल आहे, मैत्रिणीने डोंगरातून आणलीय!" हिने डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी काडीपेटीकडे बघितलं. मी डोळ्यांनी खुणावतोय, नको, नको हो डॉक्टर… भस्स! मणी! हा एवढा मणी! ताई म्हणाली, "म्हणजे?" ही म्हणाली, "वन्सं, डोंगर कारखान्यातला होता." ताई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. माझ्याशी! काडी लावली कोणी, निकाल दिला कोणी, आणि अबोला कोणाशी?

मग नजर गेली माझ्या स्वेटरवर. माझा तपकिरी स्वेटर, गळाबंद, कोपरावर विरलेला, पण अस्सल! मी कपाट उघडतो तर हँगर रिकामा. बाहेर येतो तर एक बाही खुर्चीच्या पाठीवर आणि दुसरी… दुसरी नाहीच! उसवून लोकरीचा गुंडा झालेला तिचा! मी म्हटलं, "अगं, तो माझा…" तर ही म्हणते, "बरे आलात. हात पुढे." आणि माझे हात पुढे गेले! स्वतःहून! माझ्याच स्वेटरची लड माझ्याच हातांवर चढवली हिने, आणि बसली गुंडा करत. तुम्ही कधी लड धरून बसला आहात का? दोन्ही हात असे समोर, पोस्टमनने पार्सल घ्या म्हणावं आणि द्यायला विसरावं तसे. नाक खाजलं तर खाजवायचं नाही. माशी बसली तर बसू द्यायची. आणि समोर बसून ही बोलतेय, "सैल धरा… डावा हात वर… झोपलात का?" ही बोलतेय! सारखी बोलतेय! टोमॅटो मऊ होते म्हणून बोलली, चहा पांचट होता म्हणून बोलली, दोन महिन्यांची सगळी बाकी चुकती केली. तुम्हाला सांगतो, नाकावर माशी घेऊन मी बसलो होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं, की स्वेटरची दुसरी बाहीही मीच आणून दिली. पण हे तिला सांगितलं नाही हं. मी काही बोललो नाही.

रंगाचं तर विचारूच नका. रंगही बाटलीतला नको! कांद्याच्या सालींचा पिवळा, चहाच्या चोथ्याचा बदामी, डाळिंबाच्या सालीचा कसलासा शेवाळी. सालं जमवणार कोण? हा काय, बसलाय समोर. मी भाजीवालीकडे गेलो, म्हटलं, "बाई, नुसती सालं द्या कांद्याची." ती म्हणाली, "आणि कांदे?" म्हटलं, "कांदे नकोत." तिने तागडी खाली ठेवली. "काका, घरी सगळं ठीक आहे ना?" काय सांगू तिला? पुलाला स्वेटर करतोय म्हणून? सांगितलं. तर ती बया पिशवीभर सालं देऊन म्हणते कशी, "माझ्या बाजूच्या कठड्याला पिवळा द्या." म्हणजे हीसुद्धा सामील!

पण दिसायला लागला हो पूल! मी कुरकुर करतो, पण डोळे काही फुटले नाहीत माझे. आख्खा कठडा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टीला पट्टी लागून. पिवळी, बदामी, निळी, मध्येच गॅरेजवाल्याची काळी, डॉक्टरांची पांढरी आणि इतकी बारीक, की भिंग लावून बघावी. जिना संपतो तिथे माझा स्वेटर. ज्या पुलावर लोक शिव्या देत चढायचे आणि शिव्या देत उतरायचे, तिथे आता रेंगाळायला लागले! कठड्यावर हात ठेवून गप्पा मारायला लागले. एक आजोबा रोज फक्त हात फिरवत ह्या टोकापासून त्या टोकाला जायचे आणि तसेच परत यायचे. पलीकडे काही कामच नव्हतं त्यांना! आणि आमची ही मध्ये उभी राहून, "हात स्वच्छ आहेत ना? मग धरा!"

आता एक गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगतो, जी मला कोणी सांगितली नव्हती. म्हणजे सांगितली होती म्हणे, पण तेव्हा मी चहा गाळत होतो. ह्या सगळ्या पट्ट्या कठड्याभोवती गुंडाळून खालच्या अंगाने जोडल्या होत्या त्या एकाच धाग्याने. साखळी टाका! पिठाच्या पोत्याचं तोंड कसं शिवतात? बरोबर टोक सापडलं की सर्र् करून आख्खं तोंड उघडतं, तसं. म्हणजे उद्या काढायची वेळ आली तर कात्री नको, तुकडे नकोत, कचरा नको, सगळी लोकर परत वापरता यावी. आहे की नाही डोकं? आणि ते टोक चुकून सुटू नये म्हणून शेवटच्या फासात लाकडाची एक काडी खोवून ठेवली होती. हे सगळ्यांना माहीत. डॉक्टरांना माहीत, भाजीवालीला माहीत, त्या हात फिरवणाऱ्या आजोबांना माहीत. घरच्या माणसाला सोडून!

आणि मग आला फोन. पुलांच्या खात्यातून. मीच उचलला. "परवानगी न घेता सरकारी पुलावर काहीतरी लावलंय म्हणे तुम्ही लोकांनी. गुरुवारी सकाळी साहेब येऊन बघतील. साहेबांना नाही पटलं तर आमची माणसं लगेच कापून काढतील, सुरे घेऊनच येतील." ठेवला. मी हिला सांगितलं. वाटलं, भडकेल, खात्याचा उद्धार करेल. ही सुई खाली ठेवून म्हणाली, "कापलं तर संपलं. मी परत सुई हातात धरायची नाही." आणि खिडकीकडे बघायला लागली. ती खिडकी! साहेब काय म्हणेल, पूल काय होईल, मला काही नव्हतं हो त्याचं. मला फक्त ती परत त्या खिडकीत बसायला नको होती.

गुरुवार उजाडला. सगळे जमले. डॉक्टरांनी दवाखाना उशिरा उघडायचं ठरवलं, गॅरेजवाल्याने कधी नव्हे ते हात धुतले. हिने निघताना माझ्या खिशातून माझी छोटी कातरी काढून घेतली. "तुम्ही पलीकडे खाली जिन्यापाशी उभे राहा. साहेब आले की हाक मारा. बाकी काही करू नका." म्हटलं, ठीक आहे. मी काही बोललो नाही. उभा राहिलो. ते सगळे वर, मी खाली. आणि मग माझं लक्ष गेलं…

वीतभर! कठड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला! आता विचार करा, साहेब ह्याच जिन्याने चढणार, पहिलं काय बघणार? लोंबता धागा! म्हणणार, हे असलं गबाळं काम? शर्ट असता तर अख्खा गठ्ठा परत गेला असता! आणि जवळ जाऊन बघतो तर त्यात कोणीतरी काडी खोवलेली! कचरा! लोकांना कुठे काय टाकावं ह्याची अक्कल नाही. मी काडी काढली, खिशात टाकली. आणि धागा… कातरी तर नाही. मग कारखान्यात कातरी नसली की काय करायचो? बोटाला एक वेढा द्यायचा आणि मारायचा झटका. शर्टाचा धागा असा तटकन तुटतो, की मशीनलाही कळत नाही.

मारला झटका.

तुटला नाही. आला. हातभर आला. मी म्हटलं, अरे, लांब आहे. परत ओढला, परत आला. मी आपला म्हणतोय, आता तुटेल, आता तुटेल, आणि धागा खाली पडू द्यायचा नाही ही सवय, म्हणून कोपराभोवती गुंडाळतोय, आणि तो येतोय, सर्र् सर्र् सर्र्… आणि वरून नर्सबाईंची किंकाळी! मी वर बघतो तर भाजीवालीची पिवळी पट्टी कठड्यावरून सुटून अशी अलगद खाली येतेय! तिच्यामागे बदामी! तिच्यामागे निळी! मी धागा सोडला हो! शपथेवर सांगतो, लगेच सोडला! पण आता मी नव्हतोच ओढत. ज्या पट्ट्या सुटल्या होत्या त्याच आपल्या वजनाने पुढचा टाका ओढत होत्या, वर वारा! फट् फट् फट्, आख्खा पूल कपडे काढत सुटला! काही पट्ट्या पुलावर, काही रस्त्यावर, आणि माझा स्वेटर… माझा तपकिरी स्वेटर खालून येणाऱ्या बसच्या काचेवर! सपशेल! चालकाने ब्रेक मारला, मागे हॉर्न, गलका, आणि चालक खिडकीतून डोकं काढून ओरडतोय, "अंघोळ चाललीय का पुलाची?"

आणि त्या बसमधून पहिला माणूस उतरला तो कोण असावा? डोक्यावर टोपी, काखेत फाईल, गळ्यात खात्याचा बिल्ला. साहेब!

मी वर बघितलं. ही पुलाच्या मधोमध उभी. दोन्ही बाजूंना उघडं लोखंड. ती काहीच बोलत नव्हती, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती खिडकी आली. तुम्हाला सांगतो, आयुष्यात असं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मी जिना चढलो, कोपराला तो सगळा धागा, आणि म्हटलं, "अगं… धागा लोंबत होता." तिने माझ्याकडे बघितलं. मग खाली रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर काय चाललं होतं माहितीये? बसमधली माणसं खाली उतरून पट्ट्या गोळा करत होती! कोणी झटकतंय, कोणी घडी घालतंय, कोणी "ही कुठली? ही वरची ना? मी रोज हिच्यावर हात ठेवते!" चालक काचेवरचा माझा स्वेटर खांद्यावर टाकून स्वतः जिना चढतोय! बस तशीच मध्ये! आणि हे सगळं बघून आमच्या हिने असा श्वास घेतला, आणि तो आवाज, अहो, शाळेतला तो आवाज, आख्ख्या रस्त्याला ऐकू गेला: "रांगेत या! हात पुढे!"

सगळ्यांचे हात पुढे! चालकाचे, प्रवाशांचे, भाजीवालीचे! माझ्या कोपरावरचा आणि पट्ट्यांमधून निघालेला गुंता हिने सोडवला, लडी केल्या, आणि जो हात दिसेल त्यावर चढवली लड. नर्सबाई गुंडे करतायत, डॉक्टर आणि गॅरेजवाला पट्ट्या गुंडाळतायत, ही मागून टाका घालत येतेय. आणि लडीच्या रांगेत शेवटी कोण उभं? साहेब! फाईल दातात धरलेली, दोन्ही हात पुढे, हातांवर निळी लड, आणि काय झालं ते त्याचं त्यालाच कळलेलं नाही! हिने ओळखलंच नव्हतं त्याला. "तुम्ही! अंगठा वर! सैल धरा! असं धरतात का?" साहेब फाईलमागून म्हणतोय, "हॉई… हॉई…" गॅरेजवाल्याला दया आली, त्याने दातातली फाईल काढून घेतली. मग साहेब म्हणाले, "बाई, मी खात्यातून आलोय. परवानगीचं बघायला." ही म्हणाली, "अगोबाई. बरं, पण हात खाली करू नका."

साहेबांनी नाही केले! तसेच, लड घेऊन उभे राहून बोलायला लागले. "हे बघा, मी आज नाही म्हणायलाच आलो होतो. आमची एकच अडचण असते. कठडा झाकला की खालचं लोखंड दिसत नाही. गंज लागला, तडा गेला, तर कळणार कसं? लोकांच्या त्या चिकटपट्ट्या, तारा, रंग… एकदा लावलं की काढायला आमची माणसं दोन-दोन दिवस खरवडत बसतात. म्हणून मी माझ्या माणसांना सांगितलं होतं, सुरे घेऊन मागून या. आणि इथे आलो तर…" साहेब कठड्याकडे बघायला लागले. उघडं लोखंड. ना डाग, ना ओरखडा, ना चिकटा. बोट फिरवून बघायची हुक्की आली असावी, पण हातांवर लड! मान वाकवून नाकानेच बघितलं जवळजवळ. "आख्खा कठडा मोकळा. बस थांब्यावर यायच्या आत. हे काढलं कोणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चालकानेसुद्धा! अहो, कालपर्यंत मला ओळखत नव्हता तो.

"एकट्याने?" मी मान हलवली. "कात्री? चाकू?" मी खिसे उलटे करून दाखवले, त्यातून ती काडी पडली. "काहीच नाही?" मी म्हटलं, "एक झटका, साहेब." तर साहेबांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! म्हणाले, "वा! माझ्या सगळ्या नोकरीत असं काम बघितलं नाही." आता हे कोणाचं कौतुक होतं, विणणाऱ्यांचं की माझं, हे मला अजून कळलेलं नाही, पण मी जरा ताठ उभा राहिलो. दिली परवानगी! तिथल्या तिथे! सही मात्र लड संपल्यावर. टाळ्या वाजवायला कोणाचे हात मोकळे नव्हते, म्हणून सगळे नुसते ओरडले. आणि ही… ही हसली. पुलाच्या मधोमध, सुई दातात धरून, अशी हसली, की मीच जिंकल्यासारखं वाटलं मला.

संपलं असतं हो इथे. गोड शेवट! पण साहेब म्हणाले, "एक अट आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हे सगळं काढायचं, आमचा माणूस लोखंड तपासणार, आणि मग परत घालायचं. शिवाय मला हे बाकीच्या पुलांनाही हवंय. कोणातरी जबाबदार माणसाचं नाव सांगा, तो दर वेळी हजर पाहिजे." मी आपला मागे सरकतोय. डॉक्टर दाढा बघतात, नर्सबाईंना ड्यूटी, गॅरेजवाल्याला गॅरेज… मी आणखी मागे सरकलो, पाठ कठड्याला टेकली. आणि आमच्या हिने, सुई दातातून काढून, एवढ्या सगळ्या लोकांसमोर, अगदी अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली,

"साहेब, विणायला आम्ही सगळे आहोत. उसवायला हे एकटे पुरतात!"